डाउनलोड केलेल्या सीएसव्हीत मराठीचा कचरा होतोय? आधी बाइट बघा

वेब ॲपच्या पेजवर मराठी एकदम व्यवस्थित दिसतं, पण तोच रिपोर्ट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) म्हणून डाउनलोड करून एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडला की सगळा कचरा, आणि मग लोक दिवसभर डेटाबेस तपासत बसतात. थांबा जरा. पेज दाखवताना सर्व्हर सोबतच्या कंटेंट-टाइप हेडरमध्ये यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) असं सांगतो म्हणून ब्राउझरला कळतं, पण फाइल डिस्कवर सेव्ह झाली की तो हेडर गेला, उरले फक्त बाइट, आता एक्सेल अंदाज लावणार आणि तो बऱ्याचदा चुकतो.

म्हणून आधी कचरा नीट बघा. ‘म’ यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा असतो, ई० ए४ एई. हेच बाइट विंडोज-१२५२ (विंडोजचं जुनं, युरोपीय अक्षरांचं एन्कोडिंग) समजून वाचले की डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, मग चार टोकं फुटलेला गोल, मग रजिस्टर्डचा गोलातला आर असं दिसतं. असला कचरा असेल तर डेटा शाबूत आहे, फक्त चुकीचा वाचला जातोय. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर अक्षरं फाइल लिहायच्या आधीच मेली, ते कोडमध्येच शोधावं लागेल.

पहिल्या केसचा उपाय सोपा आहे, फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम ही एन्कोडिंग सांगणारी खूण टाका, म्हणजे ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट. पायथॉनमध्ये एन्कोडिंगला यूटीएफ-८-सिग द्या, जावास्क्रिप्टमध्ये ब्लॉब (फाइलचा डेटा धरणारा ऑब्जेक्ट) बनवताना आधी यू+एफईएफएफ हे बीओएमचंच कॅरॅक्टर जोडा, बाकी यूटीएफ-८ ब्लॉब स्वतःच करतो. फाइल तुकड्यातुकड्यांनी लिहित असाल तर बीओएम एकदाच, दर तुकड्याला नाही! आणि जेसन (प्रोग्रॅममध्ये डेटा पाठवायचा टेक्स्ट फॉरमॅट) नेटवर्कवर पाठवताना तर अजिबात नको, आरएफसी ८२५९ या इंटरनेट मानकात स्पष्ट मनाई आहे. सीएसव्ही दुसरा प्रोग्रॅम वाचणार असेल तरी जपून, पहिल्या कॉलमच्या नावाला न दिसणारं कॅरॅक्टर चिकटतं आणि कॉलम आहे तरी सापडत नाही, यात फार वेळ जातो.

फाइलचं नाव मराठी हवं असेल तर कंटेंट-डिस्पोझिशन या डाउनलोडचं नाव सांगणाऱ्या हेडरमध्ये साधं फाइलनेम इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि सोबत फाइलनेम-स्टार द्या, त्यात यूटीएफ-८, दोन सिंगल कोट आणि मग पर्सेंट-एन्कोड केलेलं (दर बाइट % आणि दोन हेक्स अंकांत लिहिलेलं) नाव. २०११ च्या आरएफसी ६२६६ मध्ये हीच पद्धत आहे. नाव लांबवू नका, लिनक्सवर साधारण २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची ८५ कॅरॅक्टर, त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात.

अजून एक, कंटेंट-लेंग्थ (डेटा किती मोठा ते सांगणारा हेडर) हाताने देत असाल तर बाइट मोजा. ‘नमस्ते’ची लेंग्थ जावास्क्रिप्ट ६ सांगतं पण बाइट १८ होतात, ६ दिलेत तर समोरच्याला फक्त ‘नम’ मिळेल.

हे सगळं करून झालं की फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये (बाइट जसेच्या तसे दाखवणारं टूल) उघडून पहिले तीन बाइट डोळ्यांनी बघा, मगच रिलीज करा.