धबधब्यावर जाताय? आधी पाण्याचा रंग बघा

एका दिवसात धबधबा करून परतायचं असेल तर पहाटेच निघा. दुपारनंतर गर्दी वाढते आणि अंधारात निसरडी पायवाट उतरणं म्हणजे नसता ताप. गावाकडे रेंज जाते, म्हणून नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा.

पोचल्यावर लगेच पाण्यात शिरू नका. पाच मिनिटं नुसतं बघत उभे राहा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस कोसळत असू शकतो. नितळ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, की सामान गोळा करत बसू नका, आधी उंचावर चढा. वेगाचं पाणी जेमतेम १५ सेंटीमीटर असलं तरी धडधाकट माणसाला पाडू शकतं. पांढऱ्या फेसात हवा मिसळलेली असते, तिथे पट्टीचा पोहणाराही नीट तरंगत नाही. थेट धारेखाली तर जाऊच नका.

चपला नकोत, खाचदार तळव्याचे बूट घाला. हिरवट, चकाकणारा दगड दिसला की वळसा घ्या, ते शेवाळ असतं. कोरड्या कपड्यांचा जोड मात्र गाडीतच ठेवा. सोबत नेला की तोही भिजतो.