एम१ कार्बाइनसाठी भरवशाचे मॅगझीन निवडताना
अमेरिकेतील जुन्या एम१ कार्बाइनमध्ये, म्हणजे आखूड, हलक्या सैनिकी रायफलमध्ये, काडतूस अडकते तेव्हा दोष पुष्कळदा मॅगझीनचा, म्हणजे काडतुसे भरण्याच्या पेटीचाच असतो, म्हणून दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी बनावटीचे, निर्मात्याची खूण असलेले १५ काडतुसांचे मॅगझीन मिळाल्यास तेच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. काडतूस धरून ठेवणारे वरचे दोन्ही ओठ वाकलेले किंवा तडकलेले नाहीत ना, हे उजेडात निरखावे. आतली पट्टी दाबून सोडल्यावर न अडखळता वर यायला हवी. थकलेली स्प्रिंग बदलता येते, वाकलेले ओठ मात्र पुन्हा नेमके जुळवणे कठीण असते. ३० काडतुसांचे जड मॅगझीन वापरायचे असल्यास त्याला जादा आधार देणारी एम२ (याच कार्बाइनची पुढची आवृत्ती) प्रकारची, मॅगझीन अडकवून धरणारी खिटी बंदुकीत आहे का, हे आधी पाहावे. शिवाय कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत कायद्याची मर्यादा १० काडतुसांचीच आहे.