मृगाआधी पिकअपचा तळ बघून घ्या: आधी पाणी शोधा, मग वेल्डिंग

द्राक्षाची खरड छाटणी उरकली, उन्हाळ कांदा चाळीत भरला, की हाताशी आठ-दहा दिवस जरा मोकळे सापडतात. त्यांतले तीन दिवस जुन्या पिकअपला द्या. साधारण २५ मेला रोहिणी लागते आणि ७-८ जूनला मृग. त्याच्या आत केबिनचा तळ कोरडा होऊन, गंज खरवडून, रंग वाळून झाला पाहिजे. एकदा हवेत दमटपणा आला की प्रायमर चिकट राहतो आणि घासून उघडा केलेला पत्रा एका रात्रीत पिवळा पडतो.

पायाखालचा पत्रा सडला की आपण गाडी गॅरेजला नेतो, ठिगळ मारून घेतो आणि वर नवीन मॅटिंग टाकतो. पुढच्या वर्षी ठिगळाच्या कडेला पुन्हा भोक. आमच्या गाडीला हे दोनदा झालं, ड्रायव्हरच्या बाजूला, क्लचखाली. वेल्डिंगवाल्याला शिव्या घालून झाल्या. तिसऱ्या वर्षी पुतण्याला टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली आडवा झोपवला आणि मी बाहेरून पुढच्या काचेखाली नळी धरली. पाच मिनिटं काहीच नाही. मग आतून आवाज आला, "काका, वायरीवरून येतंय!" वायरिंगच्या काळ्या जुडग्यावरून थेंब घरंगळत येत होता, वायर जिथे खाली वाकते तिथे जरा लटकत होता आणि नेमका ठिगळावर पडत होता. गळती होती दीड हात लांब, वायपरच्या जाळीखाली. तिथली पन्हळ कडुनिंबाच्या पाल्याने बुजलेली. पाला काढायला दहा मिनिटं लागली, पैसा एकही नाही. त्या पाल्यापायी दोन वेळा वेल्डिंगचे पैसे मात्र गेले होते.

म्हणून सांगतो, ओलं दिसतं तिथे भोक असेलच असं नाही. पाणी वायरीवरून, पत्र्याच्या घडीतून, फोमच्या आतून चालत जातं आणि सखल जागा बघून बसतं. पत्र्याचा जीव जातो तो या बसलेल्या पाण्याने. मॅटिंगखालचा फोम एकदा भिजला की वरून कोरडा वाटतो, पण आषाढात प्यायलेलं पाणी दिवाळीपर्यंत सोडत नाही.

आपल्या गाड्यांना शहरातल्या गाड्यांपेक्षा आणखी एक दुखणं आहे. बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण, करताना आपण त्यात विळा बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला म्हणायचं. तो थर म्हणजे मोरचुदातलं तांबं, आणि ते पात्यावर बसतं तेव्हा तेवढं लोखंड विरघळून पाण्यात गेलेलं असतं. आता तीच मोरचुदाची फुटकी पिशवी सीटमागे पडलीय आणि वरून पावसात भिजलेले पाय, असं डोळ्यांसमोर आणा. विळ्याला जे मिनिटभरात होतं तेच केबिनच्या पत्र्याला सगळा पावसाळा होत राहतं. खतांचंही तसंच. द्राक्षाला क्लोराइड मानवत नाही म्हणून आपण क्लोराइडवालं म्युरेट ऑफ पोटॅश टाळून एसओपी, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, घेतो. पत्र्याला तर क्लोराइड त्याहून कमी मानवतं. युरिया हवेतलाच ओलावा ओढून घेतो. तेव्हा खत आणि औषध केबिनमध्ये नकोच. हौद्यात ताडपत्रीवर ठेवा, आणि उतरवल्यावर हौदा झाडून न थांबता धुऊन टाका.

कामाला सुरुवात सीट काढण्यापासून. बोल्ट जाम असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, नाहीतर सडलेल्या पत्र्यासकट नट फिरतो. मॅटिंग, फोम सगळं बाहेर काढून उन्हात टाका. पाणी कसलं आहे ते बोटाला विचारा. चिकट लागलं, रंग हिरवा किंवा गुलाबी असला, वास गोडसर आला तर ते रेडिएटरचं कूलंट, म्हणजे हीटरची नळी किंवा कॉइल गळतेय. पाऊस नसताना एसी लावून फिरल्यावर क्लीनरच्या पायाशी स्वच्छ पाणी साचत असेल तर एसीच्या पाण्याची नळी मातीने बुजली आहे. खालून तारेने हलक्या हाताने मोकळी करा. या दोन्हींत काचेच्या रबराला दोष देऊन उपयोग नाही. आणि फक्त ओल्या रस्त्याने चालवल्यावरच पाणी येत असेल तर ते खालून येतंय. तळाच्या भोकांतली रबरी बुचं पडली असतील, किंवा चाकाच्या वरचा पत्रा फुटला असेल.

पावसाचं पाणी शोधायला दोन माणसं, एक बागेतली साधी नळी आणि जुनी वर्तमानपत्रं एवढं पुरतं. वॉशिंग सेंटरचं प्रेशर यासाठी वापरू नका. त्या जोरात चांगलं रबरसुद्धा पाणी आत घेतं आणि तुम्ही भलत्याच जागी सिलिकॉन फासून बसता. आत तळावर आणि डॅशबोर्डखाली वर्तमानपत्र अंथरा, पत्र्याच्या जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा, म्हणजे थेंबाची वाट उमटते. पाणी नेहमी खालून वर न्यायचं: आधी दाराचा तळ, मग वायपरची जाळी, मग काचेची खालची कड, दोन्ही उभ्या कडा, शेवटी टप. एकेका जागी निदान पाच मिनिटं थांबा. सुरुवातच टपावरून केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. टप घेताना कॅरियरचे बोल्ट आणि अँटेनाचं भोक विसरू नका, मागच्या छोट्या काचेचं रबरही. सीटमागे पाणी साठतं ते बहुतेक तिथलंच.

दाराचं वेगळं बघा. दाराच्या काचेवरून थोडं पाणी दाराच्या पोटात जाणारच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच त्याची रचना असते. ती भोकं चिखलाने बुजली की पाणी आत तुंबतं, आणि पॅनलमागचं प्लास्टिक फाटलेलं असलं की सरळ केबिनमध्ये येतं. स्पीकर बसवणाऱ्यांनी ते प्लास्टिक फाडून तसंच सोडलेलं मी बऱ्याच गाड्यांत पाहिलंय. जाड प्लास्टिक कापून, चिकट पट्टीने कडा दाबून पुन्हा लावता येतं. दाराच्या रबरासाठी दहाची नोट मधे ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे रबर दाबत नाही. रबर नेहमी मेलेलंच असतं असं नाही. पुष्कळदा बिजागरीच झिजून दार खाली बसलेलं असतं.

गळती बंद केल्यावर पुन्हा नळी मारून खात्री करा. वर्तमानपत्र कोरडं राहिलं तरच पुढचं काम.

आता गंज. पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. घट्ट पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे टोक रोवा आणि जोर लावा. भोक पडायचं असेल तर आत्ता अंगणात पडू द्या. वरचा डांबराचा थर फुगला असेल तर तो खरवडल्याशिवाय निदान होत नाही, कारण गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि थर वर उचलतो.

नुसता वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरला तारेची वाटी, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर. डोळ्यांवर गॉगल, नाकाला मास्क. ती तार सुटून कपड्यांतून आरपार घुसते. इथे एक पायरी बहुतेक जण गाळतात. घासल्यावर पत्रा भरपूर साध्या पाण्याने धुवायचा. खताचं मीठ गंजाच्या बारीक खड्ड्यांत बसलेलं असतं आणि ते रंगाखालूनही आपलं काम चालू ठेवतं. धुऊन दोन-तीन तास मेच्या उन्हात कडक वाळवा. खड्ड्यांत राहिलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ द्या. त्यावर एपॉक्सी प्रायमर, आणि मग रंगाचे दोन पातळ हात. रेड ऑक्साइड स्वस्त पडतो आणि काहीच न लावण्यापेक्षा बरा, पण तो एकटा ओल अडवत नाही. वर रंग हवाच.

भोक पडलं असेल तर सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढा. कडेला दोन बोटं कुजका पत्रा ठेवून त्यावर ठिगळ मारणं म्हणजे जुन्या बारदानाला नवं ठिगळ. पत्रा १८ ते २० गेजचा साधा सीआर, म्हणजे जस्ताचा थर नसलेला कोल्ड रोल्ड, घ्या. चाळीच्या छपराचा उरलेला जीआय पत्रा घरातच पडलेला असतो, मोह होतो, पण त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने धूर होऊन छातीत जातो आणि रात्री थंडी-ताप भरतो. वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे गॅस आणि बारीक तारेचं, करून घ्या. गेटाला वापरतात ते रॉडचं वेल्डिंग एवढ्या पातळ पत्र्याला भोकंच पाडतं. सलग टाका ओढू देऊ नका. एक टाका इथे, एक समोर, मधे थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा पापडासारखा वाकडा होतो. नंतर वरून आणि खालून, दोन्हीकडून जोडावर सीलर भरा. ठिगळ आणि जुना पत्रा यांच्या फटीत पाणी राहिलं तर पुढचा गंज तिथूनच निघतो.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, अल्टरनेटरचं कनेक्शनही. अर्थची चिमटी टाक्याच्या जवळच लावायला सांगा. पत्र्याच्या पलीकडे डिझेलची नळी, ब्रेकचा पाइप, वायरिंग जातं का ते आधी खाली वाकून बघा, असेल तर बाजूला करा. सीट आणि फोम गाडीजवळसुद्धा नकोत. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास गाडी सोडून जाऊ नका. पत्र्यामागे धुमसणारी चिंधी उशिरा पेटते. खाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावा.

एम-सील, डांबर, सिमेंट यांनी भोक बुजवायचं काम मी तरी करणार नाही. वरून झाकलं जातं, आत सडत राहतं. सीटचे बोल्ट, सीटबेल्टची पकड, केबिन जिथे चेसिसवर बसते ती जागा किंवा चेसिसचीच पट्टी सडली असेल तर ते घरचं काम नव्हे आणि गावातल्या गेटवाल्याचंही नव्हे. चांगल्या वर्कशॉपला न्या, खर्चाचा अंदाज घ्या, आणि गाडी तेवढ्या किमतीची राहिली आहे का याचा शांतपणे हिशेब करा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, तेव्हा हे तिथेही दिसणारच.

चेसिसला जळकं ऑइल मारायची आपल्याकडे रीत आहे. ते रबरी बुश फुगवतं, ब्रेकवर गेलं तर घात करतं, आणि उरलेलं थेंब थेंब आपल्याच बांधावर गळतं. त्यापेक्षा अंडरबॉडी कोटिंग मारा, तेही गंज काढून वाळलेल्या पत्र्यावरच. ओल्यावर मारलं तर ओल आत कोंडते. तळाची निचऱ्याची भोकं कोटिंगने बुजणार नाहीत, एवढं मारणाऱ्याच्या शेजारी उभं राहून बघा.

सगळं परत बसवताना जुना फोम पुन्हा अंथरू नका. त्याऐवजी सहज उचलता येईल असं सुटं रबरी मॅट ठेवा. पावसाळाभर आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी गाडी रिकामी करून आणल्यावर, ते उचलून खाली हात फिरवा आणि वायपरच्या जाळीतला पाला काढा. पायाखाली बारदान टाकायची सवय असेल तर ते रात्री गाडीत ठेवू नका, गोठ्याच्या दांडीवर वाळत घाला.