विशेष शाळेत काम करताय आणि पुढे शिकायचंय? या चुका टाळा

कोणतं मूल घास गालात धरून ठेवतं, कुणाला मोठा आवाज सहन होत नाही, कुणाला शौचाला जायचं असलं की ते नुसतं मान वळवतं, हे विशेष शाळेतल्या मावशींना आणि दादांना सगळ्यांच्या आधी कळतं. तरी वर्षानुवर्षं पगार मदतनिसाचाच राहतो, कारण हातात कागद नसतो. कागद मिळवायची धडपड सुरू झाली की मात्र पैसा आणि वर्षं दोन्ही वाया घालवणाऱ्या चुका होतात. त्यातल्या बहुतेक फी भरण्याआधी टाळता येतात.

पहिली चूक म्हणजे 'सरकारमान्य कोर्स' एवढी पाटी वाचून पैसे भरणं. विशेष शिक्षक व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलाच अभ्यासक्रम चालतो. 1992 च्या आरसीआय कायद्यानुसार परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसताना पुनर्वास व्यावसायिक (यात विशेष शिक्षकही येतात) म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बाहेरच्या खासगी प्रमाणपत्रावर या नोंदवहीतला नोंदणी नंबर मिळत नाही. आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: मान्यता अख्ख्या संस्थेला कायमची नसते. ती ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक काळापुरती असते. शेजारची ताई पाच वर्षांपूर्वी त्याच कॉलेजातून पास झाली, म्हणून यंदाची मान्यता गृहीत धरू नका. आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्थांच्या याद्या असतात, त्यात कॉलेज, अभ्यासक्रम आणि मुदत तिन्ही पाहा.

दुसरी चूक मला सर्वात जास्त खटकते, कारण ती चांगल्या कामाच्या माणसांकडून होते. कॉलेज घराजवळ आहे म्हणून शाखा निवडली जाते. बौद्धिक अक्षम मुलांसोबत उमेदीची वर्षं घालवलेली बाई जवळ सोय आहे म्हणून कर्णबधिर शाखेतून स्पेशल डीएड, म्हणजे विशेष शिक्षकाची पदविका, करते. मग स्वतःच्याच शाळेत शिक्षकाची जागा निघते, जाहिरातीत बौद्धिक अक्षमतेची शाखा मागितलेली असते आणि तिचा अर्ज बाजूला पडतो. थोडा प्रवास करावा लागला तरी चालेल, शाखा आपल्या कामाचीच घ्या. पुढे जागा वाढण्याची शक्यताही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, आणि उच्च प्राथमिक व माध्यमिकला पंधरा मुलांमागे एक, असं सांगितलं. 2025 मध्ये राज्यांना पदं जाहीर करायलाही बजावलं.

बारावी न झालेल्यांची वेगळी अडचण. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा म्हणजे बारावी नव्हे. दोन वर्षांच्या स्पेशल डीएडला बारावीच लागते, तीही पुरेशा टक्क्यांनी. त्यासाठी बाहेरून बारावी देण्याचा 17 नंबरचा फॉर्म भरा, नाहीतर एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, परीक्षा द्या. तोवर हात रिकामे ठेवायचे नसतील तर दहावी झालेल्यांसाठी आरसीआयचा सहा महिन्यांचा सीबीआयडी (समाजाधारित समावेशक विकास) अभ्यासक्रम आहे. तो 2021 मध्ये सुरू झाला, आणि तो पूर्ण करणाऱ्यांना 'दिव्यांग मित्र' म्हणतात. त्याने शिक्षक होता येत नाही, पण वस्तीपातळीवरच्या कामासाठी तो उपयोगी आहे.

आता फीचं. काही संस्था आपल्या कर्मचाऱ्यांची फी भरतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण 'मॅडम म्हणाल्या, भरू' एवढ्यावर प्रवेश घेऊ नका. एका साध्या पत्रावर चार गोष्टी लिहून घ्या: किती रक्कम, प्रवेशावेळी की पास झाल्यावर, नंतर किती वर्षं तिथेच काम करायचं, आणि मधेच सोडलं तर किती परत द्यायचं. परीक्षा आणि प्रात्यक्षिकांच्या दिवसांचा पगार कापला जाणार का, हेही त्याच पत्रात हवं. मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची अट कुणी घातली तर स्पष्ट नाही म्हणा, प्रत द्या.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणार असाल तर प्रवेशाआधी पोर्टलवर कॉलेजच्या नावाखाली आपला अभ्यासक्रम दिसतो का ते बघा. अर्ज मंजूर झाला पण पैसे आलेच नाहीत, अशी तक्रार असेल तर आधी आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते तपासा. अर्जात लिहिलेल्या खात्याऐवजी पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते अनेकदा विसरलेलं जनधन खातं निघतं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, हेही विसरू नका.

पास झाल्यावर लगेच आरसीआयकडे नोंदणीचा अर्ज करा. गुणपत्रिका कपाटात ठेवून जागा निघायची वाट पाहणारे ऐनवेळी अडकतात, कारण मुलाखतीला नंबर मागतात. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते. नूतनीकरणाला सीआरई, म्हणजे व्यावसायिकांच्या निरंतर शिक्षणाच्या, कार्यशाळांचे गुण लागतात, म्हणून प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी फाइलला लावा आणि मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.