कंपनी नोंदवायची घाई नको: टेक स्टार्टअपचा पहिला पैसा कुठल्या क्रमाने उभा करायचा

नव्या टेक उद्योजकाची पहिली महागडी चूक बहुधा सीएच्या ऑफिसात होते. कल्पना पक्की झाली, नाव सुचलं, की आठवड्याभरात प्रायव्हेट लिमिटेड नोंदवून मंडळी मोकळी होतात. त्या दिवसापासून दोन घड्याळं चालू होतात. पहिलं कायद्याचं. ३० दिवसांत ऑडिटर नेमायचा, १८० दिवसांत आयएनसी-२०ए (धंदा सुरू केल्याच्या घोषणेचा फॉर्म) भरायचा, आणि दरवर्षी ताळेबंद व वार्षिक विवरण द्यायचं, एक रुपयाची विक्री नसली तरीही. उशीर झाला की या दोन्ही वार्षिक फॉर्मना दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागतं. दुसरं घड्याळ अनुदानाचं, आणि ते जास्त बोचतं. स्टार्टअप इंडिया सीड फंडाला अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. पहिलं दीड वर्ष लोगो, वेबसाइट आणि सहसंस्थापकांच्या भांडणात गेलं, तर हाती काय उरलं ते मोजा.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी व्यक्ती म्हणून मिळणारी मदत, मग प्रोटोटाइप, मग कंपनी, मग सीड फंड, आणि शेवटी गुंतवणूकदार. एखादी पायरी गाळता येते. उलटा क्रम मात्र महागात पडतो.

व्यक्ती म्हणून काय मिळतं

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा 'निधी' कार्यक्रम इथे कामाला येतो. त्यातल्या 'प्रयास' योजनेत प्रोटोटाइपसाठी १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. ते परत करायचं नसतं आणि त्यासाठी हिस्साही द्यावा लागत नाही. अर्ज व्यक्ती म्हणून करता येतो. अट एवढीच की हातात धरता येईल अशी वस्तू बनली पाहिजे. नुसतं ॲप किंवा वेबसाइट असेल तर इथे वेळ घालवू नका. दुसरी योजना 'एंटरप्रेन्युअर-इन-रेसिडेन्स'. नोकरी सोडून पूर्णवेळ उतरणाऱ्याला तिच्यात दरमहा ३० हजारांपर्यंत मानधन मिळतं. या रकमेत मुंबईत घरभाडं निघत नाही, पण सांगलीत किंवा नाशकात आईवडिलांच्या घरी राहून वर्ष निभावता येतं.

हे पैसे दिल्लीहून थेट खात्यात येत नाहीत, इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना जागा, यंत्रं आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रांमार्फत येतात. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि पवईतलं आयआयटी मुंबईचं साइन ही जुनी, अनुभवी केंद्रं. त्यांखेरीज सीओईपीचं भाऊ इन्स्टिट्यूट, सोमैया विद्याविहारचं रिडल, छत्रपती संभाजीनगरचं मॅजिक, गोव्यात वेर्ण्याचं सिबा आणि फातोर्ड्याला डॉन बॉस्को कॉलेजातलं फायर. कुठली योजना सध्या कुणाकडे चालू आहे ते त्या केंद्राच्या पानावर बघा आणि फोन करून खात्री करा. केंद्र निवडताना घरापासूनचं अंतर दुय्यम धरा. तुम्हाला लागणारं यंत्र तिथे आहे का, हे आधी विचारा. जैवतंत्रज्ञानवाल्याला कोल्ड रूम हवी असते, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला ऑसिलोस्कोप. कोवर्किंगची खुर्ची काय, कुठेही मिळते.

जैवतंत्रज्ञान, वैद्यकीय उपकरणं किंवा त्या अंगाने जाणारं शेतीतंत्रज्ञान असेल तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' अनुदान वेगळं आहे: ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. ते घेण्याआधी खालचा १० लाखांचा नियम वाचा.

अर्जातला बजेटचा तक्ता

बहुतेक अर्ज कल्पनेवर नापास होत नाहीत. घोडं पेंड खातं ते बजेटच्या तक्त्यात आणि माइलस्टोनमध्ये, म्हणजे कामाच्या ठरवून दिलेल्या टप्प्यांत. समजा, द्राक्षबागेत जमिनीतला ओलावा मोजून मोबाइलवर कळवणारं यंत्र बनवायचं आहे. १० लाखांची मांडणी साधारण अशी होईल: सर्किट बोर्डच्या तीन आवृत्त्या आणि सुटे भाग १.८ लाख, सेन्सर १.६, डबा १.२, पाणी-धूळ आणि बॅटरीच्या चाचण्या १.४, बागांमधल्या फेऱ्या १, फर्मवेअरसाठी बाहेरचा माणूस १.८, पेटंट ०.५, आणि राखीव ०.७.

यात तीन जागी हमखास गोची होते. पहिली जीएसटीची. पुरवठादाराचं कोटेशन 'प्लस जीएसटी' असतं आणि अर्जदार मूळ आकडा टाकतो. १८ टक्के धरले तर १० लाखांत प्रत्यक्ष माल फक्त ८.४७ लाखांचा येतो. जीएसटी नोंदणी नसेल तर तो कर परतही मिळत नाही. म्हणून प्रत्येक ओळ करासकट लिहा आणि दोन-तीन कोटेशनं जोडा.

दुसरी डब्याची. पहिल्याच हप्त्यात इंजेक्शन मोल्डिंगचा साचा कापायला देण्याचा मोह होतो, कारण तयार माल देखणा दिसतो. पण पहिल्या पावसात किंवा बोर्डोच्या फवारणीत कळतं की केबल जिथून आत जाते तिथून पाणी झिरपतंय. कापलेला साचा बदलणं म्हणजे बहुधा नवा साचा. पहिले २०-२५ नग थ्रीडी प्रिंटवर किंवा बाजारात मिळणाऱ्या तयार वॉटरप्रूफ पेटीत काढा. दिसायला ओबडधोबड असतील, असू द्या.

तिसरी रेडिओची. लांब पल्ल्याचं लोरा मॉड्यूल ऑनलाइन स्वस्तात दिसतं म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचं मागवलं जातं. भारतात विनापरवाना वापरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. चुकीच्या बँडचे २० नग म्हणजे अँटेनासकट भंगार. मॉड्यूलला डब्ल्यूपीसीची (रेडिओ लहरींचं नियमन करणारं केंद्राचं कार्यालय) मान्यता आहे का, तेही खरेदीआधीच विचारा.

माइलस्टोन लिहिताना क्रियापद तपासा. 'यंत्र विकसित करणे' हा माइलस्टोन नव्हे. 'नाशिक तालुक्यातल्या १० बागांत २० यंत्रं ९० दिवस चालवून, त्यांपैकी किमान १७ यंत्रांकडून रोजची नोंद मिळवणे' हा माइलस्टोन. शेवटी झालं की नाही हे समितीतला तिसरा माणूस सांगू शकला पाहिजे. आणि हंगाम बघा. नाशकात फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्च. पैसा डिसेंबरात आला आणि चाचणी मार्चात ठरली, तर पिकाचं एक वर्ष हातचं गेलं. शेतीच्या यंत्राचं वेळापत्रक आर्थिक वर्षावर बांधणारे अर्ज शेतीतल्या माणसाला लगेच ओळखू येतात.

अनुदान हप्त्याहप्त्याने मिळतं आणि पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे आधीचा पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यावर अडतो. त्यासाठी वेगळं बँक खातं ठेवा. बिल अर्जदाराच्याच नावावर आणि पैसे त्याच खात्यातून गेलेले हवेत. स्वतःच्या क्रेडिट कार्डवर घेतलेला माल, मेव्हण्याच्या फर्मचं बिल, 'प्रवास' या शीर्षाचे पैसे परवानगी न घेता 'सुट्या भागांत' वळवणं, या तीन गोष्टींवर हप्ते महिनोन्महिने लटकतात. कच्च्या बाजारात मिळालेल्या सुट्या भागाचं पक्कं बिल नसेल तर तो खर्च स्वतःच्या खिशातला समजा.

कॉलेजची लॅब वापरत असाल तर बौद्धिक संपदा कुणाची, याचं लेखी पत्र प्राचार्यांकडून आधीच घ्या. यंत्र चालायला लागल्यावर तेच पत्र मिळवणं फार अवघड जातं.

पेटंट, मग प्रदर्शन

स्पर्धेत, प्रदर्शनात किंवा लिंक्डइनवर यंत्र उघडं केलं की नावीन्य गेलं, असं धरून चाला. त्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका. ऑनलाइन सरकारी शुल्क व्यक्ती आणि स्टार्टअपला १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. त्यानंतर पूर्ण तपशील भरायला १२ महिने मिळतात. मात्र प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलं तेवढ्यालाच ती जुनी तारीख मिळते. अर्धं पान खरडून टाकलेला अर्ज नुसता मनाच्या समाधानापुरता.

कंपनी झाल्यावर

प्रोटोटाइप बागेत चालतोय, दोन-चार जण पैसे द्यायला तयार आहेत, आता नोंदणी करा. एकल मालकी असेल तर डीपीआयआयटीची (केंद्राचा उद्योग प्रोत्साहन विभाग) स्टार्टअप मान्यता मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. ही मान्यता फुकट आहे, लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणीही फुकट आहे, आणि दोन्ही वेगळ्या आहेत. उद्यम प्रमाणपत्र दाखवून 'आम्ही मान्यताप्राप्त स्टार्टअप' म्हणणारे दर बैठकीत भेटतात. मान्यतेच्या अर्जात 'नावीन्य काय' या रकान्यात कंपनीच्या घटनेतला उद्देश चिकटवू नका. आज शेतकरी हे काम कसं करतो आणि तुमच्या यंत्राने त्यात नेमकं काय बदलतं, एवढं पाच-सात वाक्यांत लिहा.

सहसंस्थापकांचा करार त्याच आठवड्यात करा. शेअर चार वर्षांत पिकतील, म्हणजे टप्प्याटप्प्याने मालकीचे होतील, आणि पहिल्या वर्षाआधी सोडून गेला तर काहीच नाही, ही सर्वसाधारण रीत. मैत्री आहे म्हणून कागद नको, हा युक्तिवाद ज्याला लवकर सोडून जायचं असतं त्याच्याच सोयीचा असतो.

आता सीड फंड. ही योजना २०२१ मध्ये चार वर्षांसाठी, ९४५ कोटींची म्हणून सुरू झाली; अर्ज सध्या चालू आहेत का ते आधी बघा. संकल्पना सिद्ध करणं, प्रोटोटाइप, चाचण्या यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलणारे) रोखे, अशी तिची रचना. कर्ज विनातारण असतं, प्रवर्तकाची वैयक्तिक हमी मागायची नसते, व्याज रेपो दराच्या वर जात नाही, आणि मुदत जास्तीत जास्त ६० महिने. एका अर्जात तीन इनक्युबेटर पसंतीक्रमाने देता येतात. प्रत्येकाकडे वाटायला उरलेली रक्कम वेगळी असते, म्हणून नावं टाकण्याआधी 'शेतीच्या हार्डवेअरला तुम्ही घेता का, आणि निधी शिल्लक आहे का' हे दोन प्रश्न फोनवर विचारा. नावाजलेलं केंद्र पहिल्या पसंतीला टाकून वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं.

आता तो १० लाखांचा नियम. केंद्र किंवा राज्याच्या इतर योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त आर्थिक मदत घेतली असेल तर सीड फंड मिळत नाही. 'प्रयास'चे पूर्ण १० लाख घेतले तरी तुम्ही काठावर आत आहात. त्यावर आणखी एखादं छोटं सरकारी अनुदान उचललं की बाहेर. स्पर्धेचं बक्षीस, दरमहा मानधन, सवलतीची जागा आणि लॅबचा वापर यात धरत नाहीत. 'बिग'चे ५० लाख घेतले तर हा दरवाजा बंद, आणि बायोटेकवाल्याला तो सौदा बहुधा परवडतो. भारतीय प्रवर्तकांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा. परदेशातल्या मामाला हिस्सा देण्याआधी हे बघा.

या योजनेत इनक्युबेटरने अर्जदाराकडून कसलंही शुल्क घ्यायचं नसतं. 'ग्रँट मिळवून देतो, १० टक्के आमचे' म्हणणारा सल्लागार भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. अर्ज तो लिहितो, समितीसमोर मात्र तुम्हालाच बसायचं असतं, आणि दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

राज्य पातळीवर महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीचा स्टार्टअप वीक बघा. निवडलेल्या स्टार्टअपना सरकारी विभागांकडून ठरावीक रकमेपर्यंतची वर्क ऑर्डर मिळते. हे अनुदान नव्हे, काम आहे. माल आधी द्यायचा, बिल नंतर निघणार, म्हणून मधल्या महिन्यांचं खेळतं भांडवल हाताशी ठेवा.

एंजल, म्हणजे सुरुवातीलाच स्वतःचा पैसा घालणाऱ्या गुंतवणूकदारांबद्दल थोडक्यात. वाजवी किमतीपेक्षा चढ्या भावाने विकलेल्या शेअरवरचा कर, म्हणजे एंजल टॅक्स, २०२४च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. कन्व्हर्टिबल नोट, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज, घ्यायची तर मान्यताप्राप्त स्टार्टअप असावं लागतं आणि एका गुंतवणूकदाराकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख यावे लागतात. पाच मित्रांकडून पाच-पाच लाख नोटवर घेतले तर ती नोट ठरत नाही, आणि पुढच्या गुंतवणूकदाराचा वकील सगळ्यात आधी हेच काढतो.

शिकणं आणि मेंटर

प्रशिक्षणावर मोठी फी भरू नका. स्टार्टअप इंडियाचा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे, स्वयम्‌वर आयआयटीचे कोर्स फुकट ऐकता येतात, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र (एमसीईडी) जिल्ह्याजिल्ह्यांत उद्योजकता शिबिरं घेते. शिबिरात हिशेब आणि सरकारी कागद कळतात, ग्राहक कळत नाही. त्यासाठी ३० बागायतदारांना बांधावर जाऊन भेटा आणि 'हे घ्याल का' असं विचारू नका. 'हो, घेऊ की' हे नुसतं पाहुण्याचं मन राखणं असतं. गेल्या हंगामात पाणी कधी सोडायचं हे कसं ठरवलं आणि त्यावर किती खर्च केला, हे विचारा.

मेंटरसाठी स्टार्टअप इंडियाचं 'मार्ग' पोर्टल, टाय या उद्योजकांच्या संघटनेचे पुणे-मुंबईचे गट आणि इनक्युबेटरची स्वतःची यादी या तीन जागा पुरेशा आहेत. 'मार्गदर्शन करा' असा निरोप पाठवला तर उत्तर येत नाही, कारण त्यात प्रश्नच नसतो. 'यंत्राचा खर्च ४,२०० येतो, शेतकरी ६,००० च्या वर जात नाही, वितरक ३० टक्के मागतो. थेट विकू की कृषी सेवा केंद्रातून?' असं लिहा. भेटीच्या दोन दिवस आधी एक पान पाठवा: मागच्या वेळी काय ठरलं, त्यातलं काय झालं, काय अडलं, आणि आजचा एकच प्रश्न. तीन आठवड्यांतून एकदा ४५ मिनिटं पुरे. दर आठवड्याला भेटायला लागलात तर सांगण्यासारखं नवीन काही घडलेलंच नसतं.

दोन वेगळे मेंटर ठेवा: एक तुमच्या धंद्यातला, म्हणजे इथे ठिबक किंवा कृषी निविष्ठा विकलेला, आणि एक कारखान्यातला, ज्याने हजार नग काढून परत आलेले ५० दुरुस्त केलेत. पहिल्याच भेटीत हिस्सा मागणाऱ्याला तीन महिने थांबायला सांगा. त्यानंतरही उपयोग जाणवला तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास, दोन वर्षांत पिकणारा, आणि काम काय ते लिहिलेला करार करा. सही करण्याआधी त्या कराराची प्रत तुमच्या सीएला दाखवा, कारण शेअर फुकटात दिले तरी त्यावर कर कुणाला लागतो हा प्रश्न मार्चात उभा राहतोच.