क्वेकची लेव्हल आणि लीकची फट

नवा गेम नको होता, 1996 च्या क्वेक या गेमसाठी स्वतःची एक लेव्हल हवी होती. गोडॉट हे गेम बनवायचं इंजिन चाळून पाहिलं. इंजिन झकास, पण चालणं, बंदूक, शत्रू सगळं आपणच उभं करायचं. म्हणून ट्रेंचब्रूम हे क्वेकच्या लेव्हल बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं: फुकट, आणि भिंती थेट थ्रीडीत ओढता येतात.

नकाशा (म्हणजे लेव्हल) कंपाइल करताना, म्हणजे गेमला चालेल अशा फाइलमध्ये बदलताना, 'लीक'चा (गळतीचा) इशारा आला आणि व्हिस, म्हणजे कुठून काय दिसतं ते मोजणारा प्रोग्राम, काही चालेना. क्वेकची लेव्हल बाहेरच्या पोकळीपासून हवाबंद लागते. फट राहिली की कुठून काय दिसतं याचा हिशेबच लागत नाही. काही जण अख्ख्या नकाशाभोवती मोठा खोका ठोकून मोकळे होतात. तसं करू नका, बाहेरच्या भिंतीही हिशेबात येतात आणि लेव्हल उगाच जड होते.

क्यूबीएसपी या कंपाइल करणाऱ्या प्रोग्रामने नकाशाशेजारी गळतीची वाट दाखवणारी पीटीएस फाइल टाकली होती. ट्रेंचब्रूमच्या फाइल मेनूतल्या 'लोड पॉइंट फाइल'ने ती उघडली. रेघ एका दिव्यापासून निघून दाराच्या चौकटीवरून सरळ बाहेर! तिथे छत आणि भिंतीत एका युनिटची फट होती. ग्रिड 8 वर ठेवून ब्रशची (भिंतीच्या ठोकळ्याची) कड ओढली, पुन्हा कंपाइल केलं, व्हिस बिनबोभाट चाललं. (फट सापडतच नसेल, तर एखादी एंटिटीच (दिवा, शत्रू अशी वस्तू) भिंतीबाहेर पडलेली नाही ना, तेही बघा.)