त्सुनामीच्या गाळातले धातू: आधी कण बघा, मग आकडे

त्सुनामीच्या गाळातले धातू मोजायला निघाला असाल, तर नमुना कसा घ्यायचा, धातूचं फावडं का टाळायचं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. माझा प्रबंध जिथे अडकून पडला होता, तेवढ्यापुरतंच सांगतो: कणांचा आकार.

२६ डिसेंबर २००४ च्या लाटांनी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर एकसारखा गाळ टाकला नाही. साधारणपणे समुद्राजवळ जाड वाळू, आत जावं तसा थर पातळ आणि कण बारीक. धातू चिकटतात ते मुख्यतः बारीक कणांना. म्हणून आतल्या नमुन्यात जस्त वाढलेलं दिसलं की ‘प्रदूषण आतपर्यंत पोचलं’ असं लिहावंसं वाटतं. लिहू नका.

समजा, वाळूत जस्त ६० पीपीएम (दहा लाखात ६० भाग), ॲल्युमिनियम ३ टक्के. चिखलात जस्त ९० आणि ॲल्युमिनियम ७.५ टक्के. तुलनेसाठी सरासरी शेलचे (चिखलापासून बनलेल्या खडकाचे) १९६१ पासून सर्रास वापरले जाणारे आकडे: जस्त ९५ पीपीएम, ॲल्युमिनियम ८ टक्के. ॲल्युमिनियमही बारीक कणांबरोबर वाढतं, म्हणून त्याने भागलं की कणांच्या आकाराचा परिणाम बराचसा निघून जातो. आता जस्त भागिले ॲल्युमिनियम करा आणि त्याला शेलच्या गुणोत्तराने भागा. वाळूचा एनरिचमेंट फॅक्टर (शेलच्या तुलनेत धातू किती पट, ते) येतो सुमारे १.७, चिखलाचा १. जस्त कमी असलेला नमुनाच जास्त संशयास्पद निघाला! तरी १.७ ने प्रदूषण सिद्ध होत नाही. २ च्या खालचं बहुतेक जण नैसर्गिक चढउतारात धरतात. हे गणित एकदा तरी हाताने करा. तयार एक्सेल शीटमध्ये आकडे ओतून रंगीत नकाशे काढायची घाई मला मुळीच पटत नाही, आणि ‘आधी सगळे नमुने मशीनला लावा, अर्थ नंतर बघू’ म्हणणारे मार्गदर्शकही पटत नाहीत.

आणखी एक. नमुने ॲक्वा रेजियात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवले तर सिलिकेट खनिजांमधलं बरंचसं ॲल्युमिनियम मागे राहतं. शेलचा आकडा मात्र पूर्ण खडकाचा. दोन्हींची तुलना केलीत की फॅक्टर फुगतो आणि स्वच्छ गाळही दूषित ठरतो. पूर्ण विघटनाला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते एकट्याने कधीही हाताळू नका, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवंच.

कन्याकुमारीजवळ मनवलकुरिचीच्या पट्ट्यात काम असेल तर ॲल्युमिनियमऐवजी लोहाने भागू नका. तिथल्या वाळूत इल्मेनाइट हे जड, काळं खनिज भरपूर, म्हणजे लोह आणि टायटॅनियम जन्मजात. लाट जड कण वेगळे करून एका थरात साठवते. खड्ड्यात दिसणारी ती काळी रेघ कारखान्याचा मळ समजू नका. गार्नेट हे ॲल्युमिनियम असलेलं खनिज असेल तर ॲल्युमिनियमही दगा देतं. अशा वेळी ६३ मायक्रॉनखालचा (चिखलाएवढा बारीक) भाग चाळून वेगळा मोजा आणि सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं बघा.

हे वाचून घाबरू नका. त्सुनामीपूर्वीची मोजमापं नाहीत म्हणून विषय सोडायची तर गरजच नाही. बहुतेक ठिकाणी थराखालीच जुनी माती सापडते. तिचा नमुना त्याच खड्ड्यातून घ्या, त्याच पद्धतीने चाळा, विरघळवा आणि मोजा. शेलच्या सरासरीपेक्षा तो आधार कितीतरी भरवशाचा. फक्त लाटेने वरची माती खरवडून नेली आहे का, हे थराच्या तळाशी नीट तपासा.